थारच्या पोटाखालचे पत्रे आणि गार्ड नेमके कशासाठी असतात? काढून ठेवले तर चालतील का?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 2021 सालची डिझेल थार आहे, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी), सेकंडहँड घेतलेली. एरवी ती सोलापूर शहरात फिरते आणि शेतीच्या कामासाठी मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या बाजूला जाते. शेवटचा टप्पा पाणंद रस्त्याचा आहे. जमीन काळी, आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे तिथे इतक्या खोल चाकोऱ्या पडतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासल्याशिवाय राहत नाही.

अलीकडे ऑइल बदलताना मेकॅनिकने इंजिनखालचे आवरण उतरवले, तेव्हा त्यात वाळलेल्या चिखलाचा जाड थर निघाला. त्याचे म्हणणे असे पडले की, "मालक, हे परत बसवूच नका, चिखल साठतो, खडखड वाजतं, आणि इंजिनची गरमीही अडते." सायलेन्सरच्या नळीवरचा पातळ पत्राही सैल झाला होता, तोही तो कापून टाकणार होता; मी थांबवले. याच्या अगदी उलट, ॲक्सेसरीच्या दुकानात मला 4 मिमी पोलादी पत्र्याचा, समोरच्या बंपरपासून टाकीपर्यंत सगळे झाकणारा संच घेण्याचा आग्रह झाला आणि त्यासोबत पुढे बंपरवर लावायचा जाड नळ्यांचा बुलबारही दाखवण्यात आला. दोघेही तितक्याच ठामपणे बोलत होते, त्यामुळे माझा गोंधळ वाढला.

गाडीखालचा कोणता भाग कशाचे रक्षण करतो, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा सर्वांत खाली लोंबतो, तरी त्यालाच गार्ड का नाही, हाही प्रश्न आहे. शिवाय मागच्या ॲक्सलवरून (चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून) एक बारीक रबरी नळी वर जाते आणि कशालाही न जोडता संपते. ती कशासाठी असते? गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, 226 मिमी आहे असे कंपनी सांगते. गार्ड लावल्यावर त्यातून किती वजा होते?

पाटा_शॉकअप

मी सोलापुरातच गॅरेज चालवतो, त्यामुळे आपल्या मेकॅनिकची बाजू मला कळते. चिखलाने भरलेले आवरण प्रत्येक वेळी उतरवणे आणि गंजलेले बोल्ट तुटू न देता काढणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि "परत बसवू नका" या सल्ल्यामागे बहुतेक वेळा तेवढेच कारण असते.

गाडीखाली दिसणारे सगळेच पत्रे एका कामाचे नसतात, हे आधी लक्षात घ्यावे. इंजिनखाली पुष्कळदा जे आवरण असते ते प्लास्टिकचे किंवा पातळ पत्र्याचे असते. ते दगडाचा मार सोसण्यासाठी नसून चाकांनी उडवलेले पाणी, चिखल आणि खडी यांपासून अल्टरनेटर, बेल्ट आणि वायरिंग वाचवण्यासाठी असते. दुसरा प्रकार खऱ्या गार्डचा, ज्याला आपल्याकडे चेंबर गार्ड म्हणतात. तो जाड असतो, चासीला बोल्टने घट्ट बसवलेला असतो, आणि ऑइल चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) किंवा डिझेलची टाकी यांच्याखाली राहून गाडी एखाद्या दगडावर टेकली तर तिचे वजन चासीवर घेतो. तिसरा प्रकार म्हणजे सायलेन्सरच्या नळीभोवतीचा पातळ, चकचकीत पत्रा. तो उष्णतेसाठी असतो. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवलेली असते, आणि तिच्यामुळे वरचा फ्लोअर, जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या व डिझेलच्या नळ्या आणि रबरी बुश होरपळत नाहीत.

हा तिसरा पत्रा कापू दिला नाहीत, हे उत्तम केले. तो बहुधा बोल्टच्या भोकाजवळ गंजून फाटतो आणि मग वाजू लागतो. तिथे मोठ्या व्यासाचे वॉशर घालून बोल्ट आवळला, किंवा नळीभोवती स्टीलची क्लिप बसवली, की आवाज बंद होतो. आवाजाचा त्रास होतो म्हणून पत्राच काढण्याची पद्धत सर्रास आहे, पण पुढे वर्षभराने हँडब्रेकची केबल किंवा रबरी पाइप कडक होऊन चिरला, तर त्याचा संबंध या पत्र्याशी कोणी जोडत नाही.

गार्ड कुठे हवा याचा माझा निकष साधा आहे: जो भाग फुटला तर गाडी जागेवर उभी करावी लागते, त्याच्याखाली गार्ड हवा. चेंबर फुटला, ऑइल सांडले आणि चालकाच्या लक्षात आले नाही, तर इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची बॉडी ॲल्युमिनियमच्या ओतकामाची असते. तिच्यावर टोकदार दगड बसला तर ती वाकत नाही, तडकते, आणि शेतात तिची दुरुस्ती होत नाही. सायलेन्सर चेपला तर मात्र गाडी आवाज करत का होईना, घरी येते.

ऑटो_मास्तर

मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे. डिफरन्शियल, क्लिअरन्स आणि ती नळी, एवढ्यापुरते लिहितो.

आपल्या गाडीत मागचा ॲक्सल अखंड आहे, म्हणजे दोन्ही चाके एका नळीसारख्या हाऊसिंगने जोडलेली आहेत आणि तिच्यातच डिफरन्शियल बसवलेले आहे. पुढची चाके मात्र स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत आणि तिथले डिफरन्शियल चासीकडे वर बांधलेले आहे. या फरकाचा परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागचा गोळा जमिनीपासून ज्या उंचीवर असतो ती उंची टायरच्या त्रिज्येवर ठरते, त्यामुळे गाडीत माणसे बसली, मागे खताची पोती भरली आणि स्प्रिंग दबल्या, तरी गोळा खाली येत नाही. त्याच कारणाने लिफ्ट किट लावून गाडी उंच केली तरी तो वरही जात नाही. तो वर न्यायचा तर मोठे टायर हवेत, आणि टायरचा व्यास 50 मिमीने वाढला तर उंची 25 मिमीनेच वाढते. चासीवर बांधलेले भाग मात्र स्प्रिंग दबली की जमिनीकडे येतात. चाकोरीत गाडी आदळते त्या क्षणी पुढचे डिफरन्शियल, चेंबर आणि ट्रान्सफर केस यांची उंची आपण उभ्या गाडीखाली मोजली त्यापेक्षा बरीच कमी झालेली असते. गार्ड त्यांच्याखाली असतो तो यासाठी.

मागच्या गोळ्याचे हाऊसिंग मुळात जाड आणि गोलसर असते, त्यामुळे ते मातीच्या उंचवट्यावरून घसरत पुढे जाते. त्याच्याखाली पत्रा बांधला तर गाडीच्या सर्वांत खालच्या बिंदूची उंची पत्र्याच्या जाडीएवढी आणि फटीएवढी कमी होते, आणि चिखलात तो पत्रा नांगरासारखा माती ओढू लागतो. कातळात आणि मोठ्या धोंड्यांत गाडी चालवणारे लोक तिथेही गार्ड लावतात आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्य असते. काळ्या मातीच्या पाणंदीसाठी मी तो सुचवणार नाही. त्याऐवजी हाऊसिंगच्या खालच्या बाजूचा ड्रेन प्लग आणि मागचे झाकण मात्र अधूनमधून पाहावे. झाकणाची कड दगडाने दुमडली तर तिथून ऑइल पाझरू लागते.

226 मिमीतून किती वजा होईल, याचे उत्तर गार्ड कुठे लावता यावर अवलंबून आहे. ग्राउंड क्लिअरन्स सर्वांत खालच्या बिंदूवर मोजला जातो. चेंबरखालचा गार्ड त्या बिंदूपेक्षा वरच राहत असेल, तर कागदावरचा आकडा बदलत नाही. बदलतो तो पोटाचा कोन, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध गाडी किती तीव्र उंचवटा न टेकता ओलांडू शकते तो. पोटाखाली जे काही लोंबकळते, त्यात शोभेचे फूटस्टेपही आले, ते सगळे या कोनातून वजा होते. चाकोऱ्यांच्या रस्त्यावर गाडी अडकते ती बहुधा याच ठिकाणी: पोट मधल्या उंचवट्यावर बसते, चारही चाकांवरचा भार हलका होतो, आणि मग फोर बाय फोरचाही उपयोग उरत नाही.

आता ती नळी. तिला ब्रीदर म्हणतात, आणि खालच्या भागांत सर्वांत दुर्लक्षित तीच असते. ॲक्सलमधले ऑइल आणि हवा महामार्गावर गाडी पळवल्याने तापतात, प्रसरण पावतात, आणि जास्तीची हवा या नळीतून बाहेर जाते. नळी नसती तर आतला दाब ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकलत राहिला असता. खरा प्रश्न पाण्यात येतो. पुणे महामार्गावरून तापून आलेला ॲक्सल थेट ओढ्याच्या गार पाण्यात उतरला, की आतली हवा झपाट्याने आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी आत खेचू पाहते. नळीचे टोक पाण्याच्या वर असेल तर हवा खेचली जाते. नळी तुटली असेल किंवा टोक खाली लोंबत असेल तर पाणी आत जाते, आणि डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ होते. असे ऑइल बेअरिंग व दातांना पुरेसे वंगण देत नाही. पाण्यातून जाऊन आल्यावर थोडे ऑइल काढून त्याचा रंग पाहणे हे काम पाच मिनिटांचे आहे.

नळीचे टोक मोकळे आहे ना, हेही तपासावे. आपल्याकडे कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचे घर करते. कंपनीने 650 मिमी पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली आहे, पण तो आकडा सगळ्या नळ्या आणि सील शाबूत असलेल्या गाडीचा आहे, आणि तोही संथ पाण्यात सावकाश जाण्याचा. पावसाळ्यात सीनेला पाणी आलेले असताना तो आकडा आठवून गाडी वाहत्या पाण्यात घालू नये.

मुरूम_आणि_मी

एवढ्या विस्ताराची गरज नाही असे मला वाटते. आमच्याकडे जुनी बोलेरो होती, तिला चेंबर गार्ड कधीच नव्हता, आणि ती मुरुमाच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे चालली. सोलापूर जिल्हा सपाट आहे, इथे सह्याद्रीचे घाट आणि कातळ नाहीत. मेकॅनिक बरोबर सांगत आहे. पत्रा काढावा, खालून सगळे दिसते, ऑइल गळले तर लगेच कळते.

पाटा_शॉकअप

बोलेरो चालली असेल, यात शंका नाही. ऑइलची गळती पत्र्याआड लपते, हा आपला मुद्दाही खरा आहे. म्हणूनच चांगल्या गार्डला ड्रेन प्लगच्या खाली भोक आणि जागोजागी खाचा असतात. पण "पत्रा काढला की इंजिन थंड राहते" हे सरसकट खरे नाही. रेडिएटरमधून आलेली गरम हवा इंजिनच्या खालून मागे निघून जावी, अशी खालच्या आवरणाची रचना केलेली असते. आवरण काढले की गाडी हळू चालताना किंवा उभी असताना तीच गरम हवा खालून फिरून पुन्हा रेडिएटरच्या तोंडाशी येऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर असतो, तेव्हा एसी चालू ठेवून चालणाऱ्या गाडीला हा फरक जाणवतो. उष्णता अडते ती आवरणाच्या खाचा चिखलाने बुजल्यामुळे. उपाय चिखल काढण्याचा आहे.

माळरान_उत्तर_सोलापूर

या चर्चेत एका धोक्याचा उल्लेख अजून झालेला नाही. आपल्या भागात गाडीखालच्या पत्र्याला दगडापेक्षा जास्त भीती वाळलेल्या गवताची आणि उसाच्या पाचटाची आहे.

मी नान्नज, वडाळा या बाजूच्या माळावरून ये-जा करतो. पावसाळा संपल्यावर तिथले गवत वाळून कुसळांसकट उभे असते, आणि वाटेच्या मधल्या पट्ट्यात ते गाडीच्या पोटाला घासेल इतके वाढलेले असते. प्रश्नकर्त्यांच्या पाणंदीत त्याची जागा पाचट घेते. हे सगळे गार्ड आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत, तसेच सायलेन्सरच्या नळीभोवती अडकून साठते. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस 6 नियम लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून त्याचे तापमान स्वतःहून सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत नेते. वाळलेले गवत याहून बऱ्याच कमी तापमानाला पेट घेते. ही प्रक्रिया चालू असताना आयडलिंग किंचित वाढते, पंखा जोरात फिरतो, आणि जळका वास येतो. अशा वेळी गाडी पाचटावर किंवा उभ्या गवतात थांबवली, तर आधी गवत पेटते आणि मग गाडी. पेट्रोल गाडीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये, कारण त्यांच्या गाडीतला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही पुरेसा तापतो.

सायलेन्सरवरचा पातळ पत्रा इथे दुसरे कामही करतो: वरच्या फ्लोअरला वाचवतोच, शिवाय जिथे खालच्या बाजूनेही आवरण असते तिथे गवताला तप्त नळीपासून थोडे दूर ठेवतो. तो कापून टाकणे मला तरी धोक्याचे वाटते. मात्र पत्रा आणि नळी यांच्या फटीत गेलेले पाचट हाताने किंवा तारेच्या आकड्याने काढावेच लागते, आणि तेही सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर. शेतातून बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी वाकून एकदा खाली पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि गाडीत लहान अग्निशामक ठेवावा. वणवा पेटला तर माळावर विणीला आलेल्या पक्ष्यांचे काय होते, ते मी पाहिलेले आहे. तो विषय इथला नाही.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आवरण परत बसवतो आणि सायलेन्सरवरचा पत्रा वॉशर घालून आवळून घेतो. आता प्रश्न उरतो दुकानदाराच्या संपूर्ण संचाचा. पोलाद घ्यावे की ॲल्युमिनियम? आणि संपूर्ण पोट झाकण्यात तोटा काय?

ऑटो_मास्तर

एक चौरस मीटर क्षेत्राच्या 4 मिमी पोलादी पत्र्याचे वजन सुमारे 31 किलो होते. त्याच क्षेत्राच्या 6 मिमी ॲल्युमिनियमचे सुमारे 16 किलो. पुढून टाकीपर्यंत सगळे झाकले तर एक माणूस कायम गाडीत बसवल्यासारखे वजन वाढेल, आणि तो भार स्प्रिंग दाबून पोट आणखी खाली आणेल. पोलाद खडकावरून घसरते आणि वाकले तर ठोकून सरळ करता येते. ॲल्युमिनियम गंजून सडत नाही, हलके असते, पण खडकावर ते ओरखडून चिकटल्यासारखे अडते. आपल्या मातीत घसरण्याचा प्रश्न फारसा नाही, त्यामुळे वजनाचा विचार करून मी ॲल्युमिनियमकडे झुकेन. किमतीचा फरक मोठा असेल तर पोलादही चालेल, परंतु मग इंजिन आणि ट्रान्सफर केस एवढेच झाकावे. आपल्या मॉडेलला कंपनीनेच यांपैकी काही गार्ड दिले असण्याची शक्यता आहे, म्हणून खरेदीपूर्वी गाडी लिफ्टवर घेऊन खालून नीट पाहावे.

गार्ड कुठे आवळला जातो, हे जाडीपेक्षाही महत्त्वाचे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात आणि ते चालताना हलतात. चासी हलत नाही. म्हणून गार्ड फक्त चासीला आणि तिच्या आडव्या पट्ट्यांना बांधलेला असावा, आणि चेंबर व गार्ड यांच्यात इंजिनला हलायला पुरेशी मोकळी जागा असावी. गिअरबॉक्सच्या बोल्टलाच एखादी पट्टी अडकवून बसवलेला गार्ड मी घेऊ देणार नाही: त्यावर बसलेला धक्का थेट ओतकामाच्या बॉडीत जातो, म्हणजे ज्याला वाचवायचे त्यालाच मार बसतो.

बुलबारचा विचार सोडून द्यावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून असे बार लावणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे उल्लंघन असल्याचे सांगून अशा गाड्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते. धडकेचा जोर शोषण्यासाठी आखलेल्या पुढच्या भागाचे काम हा बार बिघडवतो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि पायी चालणाऱ्या माणसाला तो अधिक इजा करतो.

पाटा_शॉकअप

फूटस्टेपबद्दल एक गोष्ट राहिली. दाराखालचा फूटस्टेप माणसाच्या पायासाठी असतो, त्यावर जॅक लावू नये. गाडीचे वजन पेलणारी कड हवी असेल तर चासीला बांधलेली जाड नळी घ्यावी लागते, जिला रॉक स्लायडर म्हणतात. आपल्या वापरासाठी तिची गरज मला दिसत नाही. उलट फूटस्टेप फार खाली लोंबणारे असतील तर तेच काढावेत, पोटाला तेवढी जागा मिळते. आणि शक्य असेल तिथे चाके चाकोरीत न सोडता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे बाहेरच्या काठावर ठेवून गाडी काढावी. काठ भिजून ढासळलेला असेल तर मात्र हा प्रयोग करू नये.

धुण्याबाबत: काळी माती ओली असतानाच निघते, वाळली की छिन्नीने काढावी लागते. त्यामुळे शेतातल्या मोटारीच्या पाण्यानेच गार्डच्या खाचा आणि चासीच्या कडा धुऊन घ्याव्यात. प्रेशर वॉशर वापरायचा तर त्याची धार ऑइल सील, वायरिंगचे जोड, ब्रीदरचे टोक आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट यांच्यावर जवळून धरू नये. बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते, माती आत शिरते आणि जॉइंट वळणावर कटकट वाजू लागतो. प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस भरायचे निपल असेल तर पाण्यातून आल्यावर ग्रीस गनने ताजे ग्रीस भरावे, म्हणजे आत शिरलेले पाणी जुन्या ग्रीससकट बाहेर पडते.

गार्ड बसवताना बोल्टच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावावे आणि गंजलेले बोल्ट त्याच मापाचे व त्याच ग्रेडचे नवीन आणावेत. खालून घासून ज्यांचे डोके गोल झाले आहे ते आताच बदलून टाका, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक पुन्हा तेच सांगेल, आणि त्या वेळी त्याच्या हातात ग्राइंडर असेल.